शेवटायला आलेले विळे

सोलापुरात राहून मला आता बरीच वर्षं झाली, पण काढणीचे दिवस आले हे मला अजूनही कॅलेंडर सांगत नाही. कडब्याने भरलेली पहिली ट्रॉली रस्त्यावरून जाते, दोन्ही अंगांनी इतकी फुगलेली की मागच्या स्कूटरवाल्यांना पुढचं काही दिसू नये, आणि ती गेल्यावर हवेत एक कोरडा, गोडसर वास मागे राहतो. त्या वासाला मी थांबते. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो, डोक्यात पर्यवेक्षणाचं वेळापत्रक असतं, आणि कानात मात्र लांबून कुठून तरी लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज यायला लागतो. टक्, ठाण. टक्, ठाण.

माझं माहेर मंगळवेढ्याचं. काळी, सपाट, फारशी झाडं नसलेली जमीन. पाऊस सरता सरता पेरलेली ज्वारी त्या मातीच्या पोटातल्या ओलीवर वाढते आणि थंडी उतरताना काढायला येते. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं लोहारकामाचं दुकान. दुकान आणि घर यांच्या मध्ये एक भिंत, भिंतीत एक दार. दाराच्या एका बाजूला भाकरी भाजत, दुसऱ्या बाजूला विळे तापत, आणि दोन्हीकडचा विस्तव आईच्याच ताब्यात असे.

आमच्याकडे ज्वारी बहुतेक उपटूनच काढतात. ताटं उपटून पेंढ्या बांधल्या की बायका मांडी घालून बसतात आणि विळ्याने कणसं उतरवत जातात. उन्हं वर येण्याआधी बसलेली बाई उन्हं कलली तरी त्याच जागी असते, फक्त तिच्याभोवतीचा कणसांचा ढीग वाढलेला असतो. विळा मऊ असला तर धार मुडपते. फार कडक असला तर टवके उडतात. दोन्हींचा राग मनगटावर निघतो. म्हणून काढणीच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या दारात बायकांची रांग लागे. कुणी विळे फडक्यात गुंडाळून आणी, कुणी पाटीत, कुणी नुसतेच कमरेला खोचून.

यंदा ट्रॉली दिसली त्याच आठवड्यात दत्ताचा फोन आला. दत्ता माझा धाकटा भाऊ. दुकानाच्या पुढच्या भागात तो वेल्डिंग करतो, गेट, खिडक्या, ट्रॉलीच्या फळ्या.

"अक्का, तू रविवारला धरून ये. आई ऐकंना झालीया."

"काय झालं?"

"कटिंग मशीन घेतलंय. ठेवायला जागा न्हाय. भट्टी काढून टाकू म्हणलं, तर भट्टीम्होरं जाऊन बसली. दोन वर्सं झाली अप्पा जाऊन, भट्टी पेटली न्हाय का काय न्हाय. तू समजाव. तुझं ऐकती ती."

अप्पा म्हणजे आमचे वडील. तुझं ऐकती ती, हे वाक्य आमच्या घरात मला नेहमीच मिळत आलंय. घरात पदवी घेतलेली पहिली मीच, म्हणून सरकारी कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सोयरिकीतले रुसवे असं सगळं वाचायला आणि सोडवायला माझ्याकडे येतं. मी रजेचा अर्ज टाकला आणि शनिवारी दुपारची एसटी धरली. भीमेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना काढलेली रानं दिसायला लागतात. खिडकीशी बसून मी आईला काय सांगायचं त्याची उजळणी करत होते. काळ बदललाय. दत्ताचा संसार आहे. तुझे गुडघे दुखतात. सगळी वाक्यं खरी होती.

या दुकानाचा इतिहास मला पाठ आहे. पणजोबा बैलगाडीतून आले. गाडीत ऐरण होती, चामड्याचा भाता होता आणि पोरंबाळं होती. बाजाराच्या कडेला लिंबाखाली त्यांनी बाभळीचा एक ओंडका मातीत पुरला आणि त्यावर ऐरण ठोकली, तीच जागा. गाव गाडीवर चालत होतं तेव्हा पणजोबांच्या हातात गाड्यांच्या धावा असत. लाकडी चाकावर चढवायची लोखंडी धाव शेणाच्या गोवऱ्यांच्या कड्यात लालभडक तापवायची, चौघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकायची आणि घागरींनी पाणी ओतायचं. लोखंड आवळत जाई तसं लाकूड कण्हत असे, असं आजोबा सांगत. आजोबांच्या काळात बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या आणि नांगराचे फाळ होते. मग गाड्यांना रबरी टायर आले, बैल कमी झाले, नांगर ट्रॅक्टरच्या मागे गेला. अप्पांच्या वाट्याला राहिले विळे, खुरपी आणि कुऱ्हाडी. मोठ्या कामांतून दुकान हळूहळू हातात मावतील अशा कामांवर आलं. मला मात्र लहानपणी त्यात काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा एक तुकडा संध्याकाळपर्यंत चंद्रकोरीसारखा विळा होतो, हे बघायला मिळत असताना कशाची उणीव वाटणार?

भिंती आजोबांनी घातल्या, वर पत्रे टाकले, पण भट्टीच्या बाजूला खिडकी काही ठेवली नाही. लोखंडाचा रंग सावलीत बघायचा असतो. तापलेलं लोखंड किती तापलंय हे सांगणारं लोहाराकडे दुसरं काहीच नसतं. म्हणून ऐरणीच्या आतल्या, अंधाऱ्या अंगाला लोहाराची बैठक, गोणपाट घातलेला लाकडाचा ठोकळा. आणि बाहेरच्या, दाराकडच्या उजेडात घण मारणाऱ्याची जागा. बैठकीवर अप्पा बसत. उजेडात आई उभी असे.

हे बाहेरच्यांना कधीकधी नवल वाटतं. बाई घण मारते? आमच्यात बाईच मारते. लग्न ठरवताना आमच्या आज्जीने म्हणे आईचे दंड दाबून बघितले होते. डाव्या हातातल्या सांडशीत अप्पा तापलेलं लोखंड धरत आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने जिथे घाव हवा तिथे हलकेच टेकवत. टक्. आईचा घण त्याच जागी पडे. ठाण. जोरात हवा असेल तर हातोडी जरा दाबून पडे, हळू हवा तर नुसती शिवल्यासारखी. बस म्हणायचं असलं की अप्पा मोकळ्या ऐरणीवर दोनदा टकटक करत आणि वर गेलेला घण आई तसाच बाजूला उतरवी. दिवसाचे दिवस ती दोघं एकमेकांशी असं बोलत आणि तोंडाने शब्द काढत नसत.

भांडण झालं की मात्र सगळ्या गल्लीला कळे. आई हातोडीची वाट बघत नसे. टक् व्हायच्या आतच ठाण. समोरची शिंपीणकाकू दारातून ओरडायची, "लव्हारीणबाई, आज काय बिनसलंय वं? विळा करताय का दादल्याला कुटताय?" आई घण न थांबवता म्हणायची, "दोनीबी." अप्पा खाली मान घालून हसायचे, आणि मग पुढचं टक् जरा लवकर पडायचं, आईला गाठायला.

मला घणाला हात लावायची बंदी होती. सातवीत असताना एकदा दुकानात कुणी नाही असं बघून मी तो उचलला. कमरेपर्यंत आला, तिथून पुढे येईना. मागून आई आली आणि तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तिने मला मारलं ते तेवढं एकदाच. "ह्यो हात पेन धरायचाय," ती म्हणाली. "घण धरलेल्या बोटांनी अक्षर न्हाय येत." स्वतःची बोटं तिने पुढे केली. ती पूर्ण मिटत नव्हती की पूर्ण उघडत नव्हती. मला तेव्हा धपाट्याचाच राग आला होता. बोटं मी नंतर, बऱ्याच उशिरा बघितली.

माझी दहावीची परीक्षा ऐन काढणीत आली. अप्पा आईला म्हणाले, "पोरीचा अभ्यास हाय. सकाळचं काम बंद ठेवू की." मी भिंतीच्या अलीकडून ओरडले, "नको, बंद झालं की मला झोप येते." ते खरंच होतं. सनावळ्या मी त्या ठेक्यावर पाठ केल्या होत्या. परीक्षेच्या खोलीत एकदम सगळीकडे शांत झालं तेव्हा पहिली दहा मिनिटं मला काही आठवेना. मग मी बाकाखाली टाचेने जमिनीवर हळूच ठोकायला लागले. पर्यवेक्षकांनी दोनदा वळून बघितलं. आज मी पर्यवेक्षण करते तेव्हा कुणी पाय हलवत असेल तर मी त्याला काही बोलत नाही.

आठवीतली गोष्ट आहे. 'माझ्या वडिलांचा व्यवसाय' या निबंधात मी लिहिलं होतं, 'सुगीत बायका आमच्याकडे विळे शेवटायला आणतात.' आमच्या मराठीच्या बाई पुण्याकडून नव्या आलेल्या, फार मायाळू. त्यांनी 'शेवटायला' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'म्हणजे विळे संपवायला का?' वर्ग हसला. मी शब्द खोडून 'धार लावायला' असं लिहिलं आणि घरी येऊन सांगितलं. अप्पा हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळले. "धार लावणं येगळं, शेवटणं येगळं. धार काय, कानशीनंबी लागती. झिजून बोटाएवढं ऱ्हायलेलं पातं तापवून, वडून, परत लांब करायचं आन पाण्यात बुडवून कडक करायचं, म्हंजी पाणी द्यायचं, ते शेवटणं. बाईंना म्हणावं, विळा संपत न्हाय त्यानं. फुडच्या दोन सुगीचा हुतो."

आईने लगेच भर घातली, "आन म्हणावं, या एकदा विळा घिऊन."

मी निरोप सांगितला. पुढच्या रविवारी बाई खरोखरच आल्या. त्यांच्या पिशवीत स्वयंपाकघरातली भाजी चिरायची विळी होती. विळा आणि विळी यांत आईला काही फरक पडला नाही. तिने पदर खोचला, घण उचलला, आणि पहिल्या ठाणला बाई दोन पावलं मागे सरल्या. जाताना त्यांनी माझी वही मागून घेतली आणि त्या लाल गोलाच्या शेजारी लिहिलं, 'शब्द बरोबर आहे. माझी चूक.' शिक्षक असं लिहू शकतात हे मला तेव्हा कळलं. पुढे सोलापूरला एमए करताना ग्रंथालयातल्या एका जाडजूड जुन्या कोशात मला तो शब्द अर्थासकट सापडला. मी त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसले होते. आमच्या अंधाऱ्या दुकानातला शब्द इतक्या लांब, माझ्या आधीच येऊन बसला होता.

त्याच वर्षी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मी आमच्या दुकानाचा इतिहास लिहिला. पणजोबांची बैलगाडी, धावा, आजोबांनी न ठेवलेली खिडकी, अप्पांचे विळे, सगळं होतं. अंक छापून आल्यावर सुट्टीत मी तो आईला वाचून दाखवला. ती ज्वारी निवडत होती. लेख संपेपर्यंत तिने हात थांबवला नाही. शेवटी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "बरं लिवलंयस. पर लोखंड ठोकलं कुणी मग?"

मी काहीतरी सारवासारव केली. पुढच्या वेळी लिहीन म्हणाले. ती हसली आणि निवडत राहिली. त्या लेखात तीन पिढ्यांची नावं होती आणि तिन्ही बैठकीवर बसलेल्यांची होती. मी स्वतः भिंतीच्या अलीकडे बसून रोज दोन हातोड्या ऐकल्या होत्या, आणि लिहिताना माझ्या हातून फक्त टक् लिहिलं गेलं होतं.

अशी सगळी जमा बरोबर घेऊन मी शनिवारी घरी पोचले. आईने चहा टाकला. मी एसटीत जुळवलेली वाक्यं एकामागून एक मांडली. ती ऐकत होती. दत्ता दाराशी उभा राहून मान डोलावत होता.

"झालं बोलून?" आई म्हणाली.

"झालं."

"मग ऐक. भट्टी मोडायची न्हाय."

"पण आई, बसणार कोण तिथं? दत्ताला ते काम येत नाही. अप्पा तर..."

"अप्पा गेलं. मी कुटं गेलीया?"

"तू घण मारायचीस गं. हातोडी धरायला कुणी नको?"

कप उचलून तिने विसळायला घेतला. पाठमोरी असतानाच म्हणाली, "चाळीस वर्सं त्या लोखंडाम्होरं उभी ऱ्हायले. भट्टी मोडली की मी या घरात काय करायचं? तुमच्या गेटला रंग देत बसू?" तिचा आवाज चढला नव्हता. दत्ता बाहेर निघून गेला.

रविवारी सकाळी मल्लव्वा आली. मल्लव्वा सीमेकडच्या गावातली, काढणीच्या टोळीची म्होरकी. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. अप्पा होते तोवर दर सुगीला ती टोळीतल्या सगळ्या बायकांचे विळे पोत्यात घालून आणायची. तिच्याबरोबर आणखी दोघीजणी होत्या. तिने पोतं दत्तापुढे ओतलं.

"अप्पाच्या हातचे हायत. झिजले बघ. गेल्या साली बाजारातनं पिलाष्टिकच्या मुठीचे घेतले, चार दिसांत धार वाकडी. माझं मनगट एवढं सुजलं." तिने दोन्ही हातांनी भोपळ्याएवढं दाखवलं. "या साली म्हणलं, न्हाई. लव्हाराकडंच जायाचं."

दत्ता खजील झाला. "मावशी, आता भट्टी बंद हाय. मशीनवर धार लावून दिऊ का? एका मिंटाचं काम."

त्याने एक विळा घेतला आणि ग्राइंडरला लावला. ठिणग्यांचा मोठा पिसारा उडाला. बायका कौतुकाने बघत राहिल्या. विळा खरंच एका मिनिटात चकचकीत झाला. पण धारेच्या कडेने एक निळी रेघ उमटली होती. आई कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिने विळा घेऊन नखाने धारेवर टिचकी मारली.

"निळी पडली. पाणी गेलं ह्याचं. दुपारला मुडपतोय ह्यो."

दत्ताने मशीन बंद केलं. "मला त्यातलं येत न्हाय आई. अप्पांनीच मला आयटीआयला घातलं. म्हणलं, ह्या कामात आता काय न्हाय."

"बरोबरच केलं त्यांनी," आई म्हणाली. "कोळसा आण."

भट्टी पेटायला वेळ लागला. दोन वर्षांची राख मी उपसली, कोळ्याचं जाळं काढलं, हाताने फिरवायचा पंखा सुरू केला. धूर झाला, मग ज्योत धरली, आणि त्या वासाने मला एकदम अप्पांच्या सदऱ्याची आठवण झाली. आईने सवयीने पदर खोचला आणि दाराकडच्या उजेडात जाऊन घण धरून उभी राहिली. दत्ता बैठकीवर बसला. यात कुणी कुणाला काही विचारलं नाही. बाईने बैठकीवर बसायचं नाही, हे आमच्यात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून खोडताही येत नव्हतं.

दत्ताने लाल झालेला विळा ऐरणीवर आणला आणि हातोडी टेकवली. आईचा घण वर गेला आणि वरच राहिला.

"मार की आई."

"कुटं मारू? त्या जागी मारलं तर विळ्याचं खुरपं हुईल."

त्याने जागा बदलली. घण हलला नाही. लोखंड काळं पडलं. दुसऱ्यांदा तापवलं, दुसऱ्यांदा काळं पडलं. मल्लव्वा कमरेवर हात ठेवून बघत होती. न राहवून ती म्हणाली, "इंदव्वा, तुला समदं येतंय की. तूच बस ना तितं."

आई म्हणाली, "तितं बायका बसत न्हाईत."

हे तिने इतकं सहज म्हटलं की मीच चमकले. काल मला तिने चाळीस वर्षं सांगितली होती, आणि आज ती चाळीस वर्षं तिला त्या ठोकळ्यापासून चार पावलांवर उभी करून ठेवत होती. दत्ता उठला. त्याने हातोडीचा दांडा तिच्याकडे केला. "बस आई. लोखंड निवतंय." लोखंड निवतंय म्हटल्यावर लोहाराच्या घरात कुणी वाद घालत बसत नाही. आई बसली. घण दत्ताने घेतला.

टक्. ठाण. दत्ताचा घाव बाजूला पडला.

"मी दाखवती तितं मार. तुला वाटतंय तितं न्हाय."

टक्. ठाण. टक्. ठाण. हळूहळू पातं ओढलं जाऊ लागलं. आईने मोकळ्या ऐरणीवर दोनदा टकटक केलं, आणि दत्ताने त्यावरही दणकून दोन घाव घातले. मोकळी ऐरण देवळातल्या घंटेसारखी वाजली. बायका हसून लोळल्या. "थांब म्हणलं रं तुला!" आई ओरडली. इतक्या वर्षांत त्या खुणेचा अर्थ तिला शब्दांत सांगावा लागला नव्हता.

मग पाणी द्यायची वेळ आली. सगळ्या कामात हीच घटका नाजूक. पिकल्या डाळिंबाच्या दाण्याचा रंग आला की विळा पाण्यात. आई वाकून बघत होती, मी पंखा फिरवत होते. रंग आला. तिने विळा पाण्यात सोडला, चर्रर्र झालं, वाफ आली. मल्लव्वाने तोच विळा पुसून कडब्याच्या ताटावर चालवला. दोन ताटं कापली. तिसऱ्याला धार मुडपली.

मल्लव्वा नजर चुकवून पोत्याचं तोंड चाचपत होती. आई हातातल्या विळ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता, अप्पा गेले तेव्हाही नाही.

"रंग तर त्योच हुता," ती पुटपुटली. "डाळिंबाचाच."

"मग थोडं जास्त तापवू," दत्ता म्हणाला.

"किती थोडं? त्यांचं थोडं त्यांना म्हाईत हुतं."

मग तिने दाराकडे बघितलं, जिथे ऊन आत येत होतं आणि जिथे आता दत्ता उभा होता. पुन्हा भट्टीकडे बघितलं. पुन्हा दाराकडे.

"सुमे," ती मला म्हणाली, "मी रंग तिकडनं बघितलाय गं. उजेडातनं. हितं अंधारात त्यो लौकर दिसतोय. लोखंड कच्चं आसतानाच दिसतोय."

मला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. चाळीस वर्षं ती तोच विळा बघत होती जो अप्पा बघत होते, पण ऐरणीच्या दुसऱ्या बाजूने. तिचं डाळिंब उन्हातलं होतं. अप्पांच्या जागेवरून ते तिला वाचता येणार नव्हतं, आणि अप्पांना तिच्या जागेवरून आलं नसतं.

"मग सवय करावी लागेल," मी म्हणाले.

"कशाला?" आई उठली. तिने सांडशी घेतली, हातोडी घेतली, आणि ऐरणीला वळसा घालून आपल्या जुन्या जागी आली. बाहेरचा एक दगड पायाने ओढून दारातल्या उजेडात घेतला आणि त्यावर बसली. "दत्ता, तू तिकडं आत हो. घण काय, अंधारातबी मारता येतो."

दत्ता बैठकीचा ठोकळा बाजूला सारून आत उभा राहिला. भट्टीजवळ आणून ठेवलेलं आपलं कटिंग मशीनचं खोकं त्याला आड येत होतं. त्याने ते उचलून बाहेर पत्र्याच्या सावलीत नेऊन ठेवलं आणि हात झटकत परत आला. "ऱ्हाऊ दे तितंच," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

मुडपलेला विळा पुन्हा भट्टीत गेला. आईने धार सरळ करून घेतली. मग ती नुसती बघत बसली. आम्ही सगळ्याच बघत होतो. आतून बघणाऱ्या दत्ताला तो केव्हाच लाल दिसला असणार, कारण तो दोनदा "आई, आई" म्हणाला. आई हलली नाही. उन्हाचा पट्टा तिच्या खांद्यावरून विळ्यावर पडत होता, आणि त्या उन्हाला पुरून उरेल असा रंग जेव्हा लोखंडात भरला, तेव्हा तिने तो पाण्यात घातला. कानशीने एकदा टोक चाचपलं. कानस घसरली, म्हणजे लोखंड कडक झालं होतं. नुसत्या घसरण्याच्या आवाजावर तिची मान हलली.

मल्लव्वाने कडब्याची अख्खी पेंढी मांडीखाली धरली. एक ताट, दोन ताटं, पाच, मग मोजायचं राहूनच गेलं. विळा ताटांतून निघत होता तसा सरसर आवाज येत होता. तिने अंगठा धारेवरून आडवा फिरवला आणि स्वतःशीच कानडीत "हौदु, हौदु", होय, होय, म्हणाली. मग तिने विळा उजेडात धरून बघितला.

"अप्पाचा विळा म्हणून सांगायची मी रानात. आता बायका विचारतील, ह्यो कुणी शेवटला? काय सांगू?"

आईने पोत्यातला दुसरा विळा उचलून भट्टीत खुपसला होता. ती मला म्हणाली, पंखा मार. मग मल्लव्वाकडे न बघता म्हणाली,

"इंदूनं शेवटला म्हणून सांग. मऊ पडला तर शिव्या द्यायला नाव नगं व्हय?"